आरओचे पाणी निर्दोष, कूलरचे पाणी अयोग्य : दोष नेमका कुठे शोधावा?

प्रश्न | युटिलिटी_अभियंता

नमस्कार. पुणे जिल्ह्यातील एका औद्योगिक वसाहतीत, वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या कारखान्याचा युटिलिटी विभाग मी सांभाळतो. कंत्राटी कामगार धरून तिन्ही पाळ्यांत मिळून सुमारे ६०० माणसे आमच्याकडे काम करतात.

पिण्याच्या पाण्याची व्यवस्था अशी आहे. औद्योगिक विकास महामंडळाच्या नळाचे पाणी, आणि उन्हाळ्यात ते अपुरे पडल्यास आवारातील बोअरचे पाणी, एकाच भूमिगत टाकीत साठते. तेथून ते वाळूच्या फिल्टरमधून, कार्बन फिल्टरमधून आणि ताशी १००० लिटर क्षमतेच्या आरओ यंत्रातून जाते, त्यानंतर यूव्ही दिव्याखालून छतावरील ५००० लिटरच्या स्टीलच्या टाकीत चढते आणि तेथून नऊ वॉटर कूलरना पुरवले जाते. महामंडळाच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे लिटरमागे मिलिग्रॅममधील प्रमाण) १६० च्या आसपास असतो, तर बोअरच्या पाण्याचा ९०० च्या वर जातो.

नुकत्याच झालेल्या तपासणीत आरओच्या तोंडाशी घेतलेल्या नमुन्यात कोलिफॉर्म (दूषिततेची खूण मानले जाणारे जिवाणू) आढळले नाहीत. तेथे टीडीएस १८ आणि सामू (पीएच) ५.९ होता. मात्र कॅन्टीनमधील आणि हीट ट्रीटमेंट विभागातील कूलरच्या नमुन्यांत कोलिफॉर्म आढळल्याने प्रयोगशाळेने ते पाणी पिण्यास अयोग्य ठरवले आहे. यंत्र पुरवठादाराने प्रत्येक कूलरवर स्वतंत्र यूव्ही बसवावा आणि आरओ यंत्र अधिक क्षमतेचे घ्यावे असा प्रस्ताव दिला असून व्यवस्थापन त्यास अनुकूल आहे. पाणी यंत्रातून निर्दोष बाहेर पडत असेल, तर यंत्र बदलून काय साधणार, ही माझी शंका आहे. शिवाय हे पाणी बेचव लागते आणि तहान भागत नाही, अशी कामगारांची जुनी तक्रार आहे, तिचाही याच्याशी काही संबंध असू शकतो का?

उत्तर १ | जलरसायन_निवृत्त

आपली शंका रास्त आहे. एका नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात रसायनतज्ज्ञ म्हणून नोकरी करताना असे अहवाल माझ्यासमोर वारंवार येत असत, आणि त्यांपैकी बहुतेकांत दोष यंत्राच्या पुढच्या वाटेत असे.

सर्वप्रथम अहवाल पुन्हा वाचून त्यात एकूण कोलिफॉर्म लिहिले आहेत की ई. कोलाय, हे पाहावे. आयएस १०५०० : २०१२ या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात यांपैकी काहीही आढळता कामा नये, परंतु दोहोंचा अर्थ वेगळा आहे. ई. कोलाय हे माणसाच्या किंवा उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यातून येतात, म्हणून ते सापडले तर कुठेतरी विष्ठेचा संपर्क झाला आहे असे समजून तो कूलर त्याच क्षणी बंद करावा आणि दोष सापडेपर्यंत सीलबंद, परवानाधारक पाणी पुरवावे. केवळ एकूण कोलिफॉर्म सापडले आणि ई. कोलाय नसतील, तर पाइपच्या, टाकीच्या किंवा तोटीच्या आतील बुळबुळीत थरात जिवाणूंची वाढ झालेली असण्याची शक्यता अधिक असते. दुरुस्ती दोन्ही प्रसंगी करावीच लागते, मात्र घाई किती करायची ते या एका ओळीवरून ठरते.

आता मुख्य कारणाकडे येतो. आरओच्या आधीचा कार्बन फिल्टर पाण्यातील क्लोरीन मुद्दाम काढून टाकतो, कारण आरओमधील मेंब्रेनचा (क्षार अडवणाऱ्या पडद्याचा) पॉलिअमाइडचा पातळ थर क्लोरीनने खराब होतो. म्हणजे महामंडळाने आपल्या केंद्रात घातलेले आणि आपल्या नळापर्यंत टिकून राहिलेले संरक्षण आपण स्वतःच्या आवारात काढून टाकतो. त्यापुढे यूव्ही दिवा आहे. पण त्याच्या खालून पाणी जात असते त्या क्षणापुरतेच त्याचे काम असते. दिवा ओलांडल्यानंतर पाण्यात शिरलेल्या जिवाणूस रोखणारे त्यात काहीच उरत नाही. (दिवा पेटलेला दिसतो म्हणून तो पुरेसे किरण देतो असेही नाही, साधारण ९००० तासांनंतर त्याची तीव्रता इतकी घटते की तो बदलावाच लागतो. आपल्या दिव्याचे तास कुणी मोजते का?)

असे निःसंरक्षण पाणी आपण ५००० लिटरच्या टाकीत साठवता. माणशी पाच लिटर धरले तरी रोजचा वापर ३००० लिटरच्या पुढे जात नाही. म्हणजे पाणी टाकीत दीड दिवसाहून अधिक काळ राहते, आणि साप्ताहिक सुटीला जोडून सण आला तर त्याहून पुष्कळ जास्त. उन्हाने तापलेल्या छतावर एवढा वेळ उभ्या राहिलेल्या पाण्यात जिवाणू वाढले नाहीत तरच नवल. पुरवठादाराने सुचवलेले मोठे आरओ घेतल्यास टाकी अधिक लवकर भरेल, एवढाच फरक पडेल.

अहवालातील आणखी एक गोष्ट सहसा कुणी पाहत नाही. आयएस १०५०० मध्ये सामूची मर्यादा ६.५ ते ८.५ अशी असून तीत कोणतीही सवलत नाही. आपल्या आरओच्या पाण्याचा सामू ५.९ आहे, म्हणजे जे पाणी आपण निर्दोष समजता तेही मानकात बसत नाही. मेंब्रेन क्षार अडवते, पण पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड तिच्यातून सहज पलीकडे जातो, आणि त्याला आवर घालणारी क्षारता मात्र अलीकडेच राहते, म्हणून पाणी आम्लधर्मी होते. बेचव लागण्याचे कारणही क्षार निघून जाणे हेच आहे. ‘तहान भागत नाही’ या तक्रारीवर मी वैद्यकीय मत देऊ शकत नाही. परंतु भट्टीजवळ काम करणारा माणूस चवीमुळे पाणी कमी पीत असेल, तर ती तक्रार गंभीरच मानली पाहिजे.

उपाय असा करावा. टाकी रिकामी करून, आतून घासून आणि धुऊन भरून घ्यावी व तीत लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन होईल इतके हायपो (सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण) घालावे. ५००० लिटरसाठी २५० ग्रॅम क्लोरीन लागतो. १० टक्के शक्तीचे सोडियम हायपोक्लोराइट असेल तर ते अडीच लिटर होते. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर वापरायची झाल्यास ताजी, ३३ टक्क्यांची पावडर पाऊण किलो पुरते. परंतु उघड्या पोत्यातील जुन्या पावडरीत निम्मीही शक्ती उरलेली नसते, म्हणून ती वापरू नये. हे पाणी प्रत्येक कूलरच्या तोटीतून क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडावे, मग तोट्या बंद करून सहा तास तसेच राहू द्यावे आणि नंतर संपूर्ण काढून टाकून साध्या पाण्याने धुवावे. हे काम सुटीच्या दिवशी, प्रत्येक कूलरवर ‘पाणी पिऊ नये’ असा फलक लावून आणि एक माणूस पहाऱ्यास ठेवून करावे.

त्यानंतर टाकीत येणाऱ्या पाण्यावर छोटा डोसिंग पंप बसवून लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन सतत द्यावा. दिवसाला ३००० लिटर पाण्यासाठी १० टक्क्यांचे हायपो फक्त १५ मिलिलिटर लागते. ते पातळ करून पंपाच्या डब्यात भरावे, आणि आरओ चालू असेल तेव्हाच पंप चालेल अशी विद्युत जोडणी करावी. सर्वांत दूरच्या कूलरवर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त (जिवाणू मारण्यास शिल्लक असलेला) क्लोरीन मिळायला हवा. तो रोज मोजून नोंदवावा. ओटी टेस्टपेक्षा (ऑर्थोटोलिडिनची जुनी रंगचाचणी) डीपीडीच्या (क्लोरीन असल्यास गुलाबी रंग देणाऱ्या) गोळ्यांची पेटी वापरावी, कारण ओटीचा पिवळा रंग थोडा वेळ गेला की संयुक्त (इतर पदार्थांशी जोडला गेलेला, कमी प्रभावी) क्लोरीनही मोजून आकडा फुगवतो.

टाकीतील तरंगता गोळा खाली घेऊन साठा एका दिवसाच्या गरजेइतकाच ठेवल्यास खर्च काहीच नाही आणि लाभ मोठा आहे.

उत्तर २ | पाळीप्रमुख

वरील रसायनशास्त्र मला मान्य आहे. पण मी देखभाल विभागातला माणूस असल्यामुळे आधी पाइप पाहीन.

आपल्याकडे एक सोय आहे जी सर्वांना मिळत नाही. आरओच्या पाण्याचा टीडीएस १८ आहे आणि आवारातील इतर कोणत्याही पाण्याचा त्याच्या कित्येक पट आहे. खिशात मावणारा टीडीएस मीटर घेऊन नऊही कूलरचे पाणी मोजावे. सगळीकडे १८ ते २५ आले, तर बाहेरचे पाणी आत शिरलेले नाही असे बऱ्याच अंशी म्हणता येईल. एखाद्या कूलरवर ८० किंवा १५० आले, तर त्या वाटेवर दुसरी लाइन जोडलेली आहे हे नक्की समजावे. मग ती महामंडळाच्या थेट पाण्याची असो, अग्निशमनाची असो किंवा देव न करो, एसटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेच्या) पुनर्वापराच्या पाण्याची असो. आरओ बंद पडल्यावर कामगारांची ओरड नको म्हणून कुणीतरी रात्रपाळीत जोडणी करून ठेवतो, मधे एक चावी बसवतो, आणि ती चावी गळते. नकाशावर ती लाइन कधीच नसते. अशा ठिकाणी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून समाधान मानू नये. त्याच्या सीटवर कचऱ्याचा एक कण अडकला तरी तो पाणी मागे सोडतो. जोडणी कापून दोन्ही टोके बंद करणे हाच मार्ग आहे.

दुसरी गोष्ट, कूलर उघडून पाहावेत. पुष्कळ कूलरमध्ये मागच्या बाजूला कार्बनचे छोटे काडतूस कंपनीकडूनच बसवून येते. ते तसेच राहिले, तर जलरसायन साहेबांनी सुचवलेला सगळा क्लोरीन त्या काडतुसातच संपेल आणि काडतूस जिवाणूंचे घर होऊन बसेल. ते काढून टाकावे. कूलरच्या आतील टाकीला निचऱ्याची चावी असते, पण कूलर भिंतीला चिकटवून बसवल्याने तिथवर हात पोहोचत नाही, म्हणून ती टाकी वर्षानुवर्षे धुतली जात नाही. तोटीखालच्या ट्रेमध्ये डबे धुणे आणि चुळा भरणे सर्रास चालते. तेथून शिंतोडे तोटीच्या तोंडावर उडतात. कॅन्टीनच्या कूलरजवळ हात धुण्याची वेगळी व्यवस्था नसेल, तर आधी ती करावी.

नमुना कसा घेतला गेला, हेही विचारावे. तोटी पुसून, स्पिरिटच्या बोळ्याने निर्जंतुक करून आणि दोन-तीन मिनिटे पाणी सोडून, निर्जंतुक बाटलीत झाकणाच्या आतल्या बाजूला बोट न लावता नमुना घ्यायचा असतो, आणि तो बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवायचा असतो. क्लोरीन सुरू केल्यानंतरच्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट असलेच पाहिजे. नाहीतर बाटलीतला क्लोरीन वाटेतच जिवाणू मारतो आणि अहवाल खोटा चांगला येतो.

उत्तर ३ | साशंक

इतका खर्च करून आरओ बसवायचे आणि पुन्हा त्यात क्लोरीन मिसळायचा, हे मला पटत नाही. कामगार वासाची तक्रार करतील. शिवाय क्लोरीनमुळे कर्करोगकारक पदार्थ तयार होतात असे सर्वत्र वाचनात येते. त्यापेक्षा प्रत्येक कूलरवर यूव्ही अधिक सुरक्षित नाही का?

उत्तर ४ | जलरसायन_निवृत्त

साशंक यांचा आक्षेप निराधार नाही, परंतु तो येथे लागू पडत नाही. क्लोरीन आणि पाण्यातील सेंद्रिय पदार्थ यांच्या संयोगाने ट्रायहॅलोमिथेन वर्गातील संयुगे तयार होतात, हे खरे आहे. आयएस १०५०० मध्ये त्यांच्या मर्यादाही दिलेल्या आहेत, उदाहरणार्थ क्लोरोफॉर्मसाठी लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम. पालापाचोळ्याने गढूळ झालेल्या नदीच्या पाण्यात भरमसाट क्लोरीन ओतला जातो तेथे ही चिंता खरी असते. आरओच्या पाण्यात सेंद्रिय पदार्थ जवळजवळ नसतात आणि मात्राही अर्धा मिलिग्रॅमच आहे. तुलनेसाठी सांगतो, जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील क्लोरीनसाठी आरोग्याच्या दृष्टीने सुचवलेले मूल्य लिटरमागे ५ मिलिग्रॅम आहे. उपपदार्थांच्या भीतीने निर्जंतुकीकरणात तडजोड करू नये, ही त्याच संघटनेची स्पष्ट भूमिका आहे.

वासाची तक्रार पहिले काही दिवस येईल. ती मात्रा जास्त झाल्यामुळे येते की सवय नसल्यामुळे, हे रोजच्या मोजणीवरून कळेल.

कूलरवरच्या यूव्हीबद्दल : नऊ दिवे, नऊ काचेच्या नळ्या आणि नऊ ठिकाणची स्वच्छता कोण सांभाळणार? एक दिवा बंद पडला तर तो कळणार कसा? क्लोरीन संपला तर रंगाच्या चाचणीत तो त्याच सकाळी दिसतो. मला यूव्हीचे वावडे नाही. आरओच्या पुढचा दिवा तसाच ठेवावा.

खरा प्रश्न तर वेगळाच आहे. महामंडळाचे १६० टीडीएसचे, शुद्ध केलेले आणि क्लोरीनयुक्त पाणी आरओतून घालवण्याची गरजच काय? मानकात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानेही २०१९ मध्ये, जेथे टीडीएस ५०० पेक्षा कमी आहे तेथे आरओ वापरण्यावर बंदी आणावी, असे निर्देश दिले होते. आपली अडचण फक्त बोअरचे पाणी त्याच टाकीत मिसळते ही आहे. बोअर वेगळा करून ते पाणी बागेला, फरशी धुण्याला आणि कूलिंग टॉवरच्या भरण्याला (तेथील कठीणपणाची काळजी घेऊन) वळवता आले, तर पिण्यासाठी वाळूचा फिल्टर आणि क्लोरीन एवढेच पुरेसे ठरू शकते. तोपर्यंत निदान आरओचे पाणी आणि आरओला वगळून आलेले, गाळलेले महामंडळाचे पाणी समप्रमाणात मिसळावे. टीडीएस ९० च्या आसपास जाईल, सामू वर येईल आणि चवही सुधारेल. एक अट मात्र काटेकोरपणे पाळावी. टाकीत बोअरचे पाणी सोडलेले असेल त्या दिवसांत हे मिश्रण बंद ठेवावे, कारण बोअरमध्ये नायट्रेट असेल तर ते वाळूने, कार्बनने, यूव्हीने किंवा उकळण्यानेही जात नाही. त्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम असून तीत सवलत नाही. बोअरच्या पाण्याची नायट्रेट आणि फ्लोराइडची तपासणी झाली आहे का, ते कळवावे.

उत्तर ५ | सुरक्षा_अधिकारी

तांत्रिक भागात मला भर घालायची नाही. कायद्याची बाजू मात्र व्यवस्थापनापुढे मांडायला उपयोगी पडेल. कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम १८ पासून आपल्याकडे पिण्याच्या पाण्याची तरतूद चालत आलेली आहे. पाणी आरोग्यास हितकारक असावे, पाणी पिण्याच्या जागांवर बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत तसे लिहिलेले असावे, आणि धुण्याची जागा, मुतारी, शौचालय, पिकदाणी किंवा सांडपाण्याची उघडी गटारे यांपासून ती जागा सहा मीटरच्या आत नसावी, असे ते कलम २०२५ पर्यंत सांगत असे. अंतर कमी करायचे तर मुख्य निरीक्षकांची लेखी मान्यता लागत असे. २५० हून अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात पाणी थंड करून देणे बंधनकारक केले होते. आपल्या हीट ट्रीटमेंटच्या कूलरचे अंतर एकदा फूटपट्टी लावून मोजावे; जागा वाचवण्यासाठी कूलर स्वच्छतागृहाच्या भिंतीला टेकवलेला मी अनेक ठिकाणी पाहिला आहे, आणि निचऱ्याचा पाइप एकच असल्यामुळे तेथील दूषितीकरणही सोपे होते.

कंत्राटी कामगारांना ‘तुमचे पाणी ठेकेदार देईल’ असे सांगण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. ठेकेदाराने सोय न केल्यास ती जबाबदारी मुख्य मालकाची, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातही स्पष्ट होते. फलक मराठीबरोबर हिंदीतही लावावेत, आणि एसटीपीच्या पाण्याच्या प्रत्येक तोटीवर ‘पिण्यास अयोग्य’ असे ठळक लिहून तोटीची मूठ काढून ठेवावी. उन्हाळ्याच्या दुपारी बाहेर बांधकाम करणारा तहानलेला माणूस पाइपचा रंग पाहत बसत नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद | युटिलिटी_अभियंता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अहवालात दोन्ही ठिकाणी फक्त एकूण कोलिफॉर्म आहेत, ई. कोलाय आढळलेले नाहीत. तरीही दोन्ही कूलर बंद ठेवले आहेत.

टीडीएस मीटरने मोजल्यावर आठ कूलरवर १८ ते २२ आले आणि कॅन्टीनच्या कूलरवर ७४. तेथे भिंतीमागे महामंडळाच्या थेट लाइनची एक जोडणी मिळाली. तिची चावी बंद होती, पण गळत होती. ती कापून दोन्ही टोके बंद केली आहेत. हीट ट्रीटमेंटच्या कूलरमध्ये बाहेरचे पाणी शिरल्याचे दिसत नाही, परंतु आत कार्बनचे काडतूस निघाले आणि त्याच्या पृष्ठभागावर बुळबुळीत थर होता. तेथे सोमवारी सकाळी पहिले पाणी तांबूस येते, असेही पाळीवरच्या कामगारांनी सांगितले. या विभागाकडे जाणारी लाइन जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपची आहे. येत्या सुटीत टाकीचे निर्जंतुकीकरण करण्यास मंजुरी मिळाली असून डोसिंग पंपाची मागणी नोंदवली आहे. मोठ्या आरओचा प्रस्ताव तूर्त थांबवला आहे. बोअरच्या पाण्याची नायट्रेटची तपासणी आजवर झालेली नव्हती. नमुना पाठवला आहे.

जीआय लाइन बदलावी लागेल का?

उत्तर ६ | जलरसायन_निवृत्त

होय, बदलावी लागेल, आणि क्लोरीन सुरू करण्याआधी बदललेली बरी. सामू ५.९ चे, क्षारता नसलेले पाणी जस्ताचा मुलामा खाऊन टाकते आणि मग लोखंड उघडे पडते. सुटीच्या दिवशी पाणी थांबून राहिले की गंज त्यात उतरतो, म्हणून सोमवारचे पाणी तांबूस दिसते. शिवाय त्या गंजाच्या थरात जिवाणूंना आसरा मिळतो आणि तोच थर क्लोरीनही खातो, त्यामुळे नेमक्या त्याच कूलरवर ०.२ मिळणार नाही आणि आपण टाकीवरची मात्रा वाढवत बसाल. पिण्याच्या पाण्यासाठी मान्यता असलेली सीपीव्हीसी किंवा स्टीलची लाइन घ्यावी. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीजवळून जाणारा तुकडा स्टीलचाच असावा. जुन्या लाइनची फांदी मृत टोक म्हणून शिल्लक ठेवू नये, मुख्य लाइनपाशीच कापावी.

नवीन लाइन झाल्यावरही सोमवारच्या पहिल्या पाळीपूर्वी प्रत्येक तोटी पाच मिनिटे सोडण्याचे काम एका ठरावीक माणसाच्या नावे लिहून द्यावे, आणि पुढचा नमुना सोमवारी सकाळी, ती तोटी सोडण्याच्या आधीच्या पाण्याचा एक आणि नंतरच्या पाण्याचा एक, असा दुहेरी घ्यावा. आधीच्या बाटलीत दोष निघाला आणि नंतरच्या बाटलीत नाही, तर दोष तोटीत किंवा कूलरच्या आतील टाकीत उरला आहे. दोन्हींत निघाला, तर छतावरच्या टाकीकडे परत जावे लागेल. नायट्रेटचा आकडा आला की कळवावा, त्यावरून मिश्रणाचे ठरवू.